खापर नियमांवर का?

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखाताच्या काठाने हौसेने मासे गरवणाऱ्यांची एक तक्रार गेली काही वर्षं वाढत्या जोराने ऐकू येते. बोटीचं इंधन महागलं, इंजिनं महागली, विमा आणि धक्क्याचं भाडं चढलं. त्यात सरकारने हंगाम आखडले, माशाची लांबी इंचांत बांधून दिली आणि दिवसाला एक किंवा दोनच मासे नेण्याची मुभा ठेवली. एवढं सोसून समुद्रावर जायचं कशाला, त्यापेक्षा घराजवळचं तळं बरं, असं म्हणत माणसं खारं पाणी सोडून गोड्या पाण्याकडे वळत आहेत, असा या तक्रारीचा सूर आहे. यातली व्यथा खरी आहे. शनिवारी पहाटे मुलांना घेऊन गळ टाकायला निघणाऱ्या कामगाराला समुद्र परवडू नये, ही कुठल्याही देशासाठी चांगली गोष्ट नाही. पण या व्यथेच्या आडून जो निष्कर्ष पुढे केला जातो, तो मला मान्य नाही. महागाई कुणाच्या हातात नाही, नियम मात्र सरकारच्या हातात आहेत. तेव्हा नियम सैल करा, माणसं आपोआप परत येतील, असा तो निष्कर्ष. माझं म्हणणं असं, की माणसं समुद्रापासून तुटतात ती किनाऱ्यापर्यंत पोचण्याच्या खर्चामुळे आणि पाण्यात मासा कमी झाल्यामुळे. नियम सैल केल्याने पहिलं कारण तसूभरही हलत नाही आणि दुसरं आणखी बळावतं.

आधी आकडे पाहू, कारण 'लोंढा' हा शब्द या वादात फार सहज वापरला जातो. अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने 1991 पासून 2016 पर्यंत दर पाच वर्षांनी एक देशव्यापी पाहणी केली. सोळा वर्षांवरील किती जणांनी वर्षभरात गळ टाकला आणि कुठल्या पाण्यात, हे तिच्यातून कळतं. 1996 मध्ये खाऱ्या पाण्यात मासे धरणारे 94 लाख होते, 2006 मध्ये ते 77 लाखांवर आले. मोठी घट, यात शंका नाही. पण त्याच दहा वर्षांत गोड्या पाण्यातले 2 कोटी 97 लाखांवरून 2 कोटी 54 लाखांवर घसरले. म्हणजे समुद्र सोडून माणसं तळ्यावर गेली नाहीत. दोन्हीकडची ओहोटी एकाच वेळची होती. मग 2006 ते 2011 ही वर्षं पाहा. सागरी नियम सर्वांत झपाट्याने कडक झाले ते याच काळात. राष्ट्रीय मत्स्यकायद्यात नवी दुरुस्ती आली आणि प्रत्येक जातीसाठी वार्षिक मर्यादा घालणं बंधनकारक झालं. आखातातल्या रेड स्नॅपरचा केंद्राच्या हद्दीतला हंगाम 2007 मध्ये 194 दिवसांचा होता, तो 2008 मध्ये 65 आणि 2011 मध्ये 48 दिवसांवर आला. आणि नेमक्या याच पाच वर्षांत समुद्रावर जाणारे 77 लाखांवरून 89 लाखांवर चढले, तेही गोड्या पाण्यातल्या वाढीपेक्षा जास्त वेगाने. नियम माणसाला हाकलतात हे खरं असतं, तर ही वर्षं हकालपट्टीची ठरायला हवी होती.

2011 ते 2016 मध्ये मात्र चित्र तक्रारदारांच्या बाजूचं दिसतं. समुद्रावरचे 83 लाखांवर उतरले आणि गोड्या पाण्यातले 2 कोटी 75 लाखांवरून 3 कोटी 1 लाखावर गेले. इथे जरा खोलात जायला हवं. एकूण गळ टाकणारे 2011 मध्ये 3 कोटी 31 लाख आणि 2016 मध्ये 3 कोटी 58 लाख होते. खाऱ्या आणि गोड्या पाण्यातल्यांची बेरीज या एकूण आकड्याच्या वर जाते, कारण काही जण दोन्हीकडे जातात. वजाबाकी केली की 2011 मध्ये असे दुहेरी हौशी सुमारे 33 लाख निघतात आणि 2016 मध्ये 26 लाख. फक्त समुद्रावर जाणारे आधी 56 लाख होते, नंतर 57 लाख, म्हणजे जवळपास तितकेच. पाहणी नमुन्यावर आधारलेली आहे, तेव्हा लाखा-दोन लाखांचा फरक मी पुराव्यात धरत नाही. पण सात लाखांची घट सगळी दुहेरी गटात व्हावी, हे बोलकं आहे. सागरी नियमांशी ज्याचा रोजचा संबंध, तो तिथेच राहिला. वर्षातून दोन-तीनदा गाडी काढून किनाऱ्यावर येणारा, खोली भाड्याने घेणारा आणि दुसऱ्याच्या बोटीवर जागा विकत घेणारा माणूस घरी राहिला. किनाऱ्यावरच्याला दुसरा पर्यायच नव्हता, म्हणून तो टिकला, असं कुणी म्हणेल. काही प्रमाणात ते खरंही असेल. तरी नियमांचा जाच हे मुख्य कारण असतं, तर त्या 56 लाखांमधूनही कुणी ना कुणी गळ गुंडाळून ठेवलाच असता. (2022 ची पाहणी वेगळ्या पद्धतीने झाली, म्हणून ती आधीच्या पाहण्यांशी थेट ताडून पाहणं योग्य नाही, तिचा हवाला दोन्ही बाजूंनी टाळावा.)

परवान्याच्या शुल्काचा मुद्दा तर चटकन निकालात काढता येतो. फ्लोरिडात रहिवाशाला खाऱ्या पाण्याचा वार्षिक परवाना 17 डॉलरना मिळतो आणि गोड्या पाण्याचाही 17 डॉलरनाच. उलट किनाऱ्यावर उभं राहून गळ टाकणाऱ्या रहिवाशाला समुद्राचा परवाना फुकट आहे. तळ्याकाठी उभं राहणाऱ्याला तशी सवलत नाही. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत सागरी मासेमारीसाठी फक्त नाव नोंदवायचं, पैसे नाहीत. गोड्या पाण्याला मात्र परवाना विकत घ्यावा लागतो. सरकारी शुल्कापोटी कुणी समुद्र सोडून नदीवर गेला असेल, तर तो स्वस्ताकडून महागाकडे गेला आहे.

खरा पैसा जातो तो दुसरीकडे. फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्याला समुद्रतळ फार सावकाश उतरतो. स्नॅपर सापडेल इतकी खोली गाठायला कित्येक ठिकाणी तीस-चाळीस मैल आत जावं लागतं. दोन मोठी इंजिनं लावलेली बोट एका गॅलनमध्ये मैल-दीड मैल जाते. जाऊन-येऊन आणि मधली शोधाशोध धरून किती पेट्रोल जळतं, हे ज्याचं त्याने मांडावं. जून 2022 मध्ये अमेरिकेतला पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला पाच डॉलरवर गेला होता. मार्च 2022 ते जुलै 2023 या काळात व्याजदर जवळपास शून्यावरून सव्वापाच टक्क्यांच्या वर गेले आणि कर्जावर बोट घेणाऱ्याचा हप्ता फुगला. यातली एकही गोष्ट मत्स्यखात्याने केलेली नाही. 2016 मध्ये पेट्रोल 2011 पेक्षा स्वस्त होतं, मग तेव्हाची घट महागाईवर कशी ढकलता, असा प्रश्न इथे रास्तपणे विचारला जाईल. त्याचं उत्तर असं, की खर्च म्हणजे एकटं इंधन नव्हे, आणि खर्च हे एकटं कारणही नव्हे. माणूस खर्चाला तोंड देतो ते पलीकडे काही मिळण्याची आशा असते म्हणून. त्या वर्षांत अटलांटिक किनाऱ्यावर ती आशा खचत चालली होती. यासाठी एका माशाचा इतिहास सांगायला हवा.

स्ट्राइप्ड बास हा पूर्व किनाऱ्याचा लाडका मासा. चंदेरी अंगावर आडव्या काळ्या रेघा, वाढला की सहज माणसाच्या मांडीएवढा. तो समुद्रात राहतो पण अंडी घालायला नद्यांत चढतो, आणि किनाऱ्यावरच्या या माशांपैकी बहुतांश जन्माला येतात ते मेरीलँड-व्हर्जिनियामधल्या चेसापीक उपसागराच्या नद्यांत. 1970 च्या दशकात हा मासा बेसुमार धरला गेला आणि दशक संपता संपता कोसळला. 1984 मध्ये अमेरिकी संसदेने त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पंधरा राज्यांच्या संयुक्त आयोगाचा निर्णय जे राज्य पाळणार नाही, तिथली या माशाची मासेमारी केंद्र सरकार बंद पाडू शकेल, अशी ताकद त्यात होती. 1 जानेवारी 1985 पासून मेरीलँडने बंदी घातली. नियम कडक केले एवढंच नव्हे, तर धंदेवाईक आणि हौशी दोघांनाही हा मासा पूर्ण बंद. उद्देश साधा होता. 1982 साली जन्मलेल्या माद्यांची पिढी वाचवायची आणि त्यांपैकी 95 टक्के एकदा तरी अंडी घालेपर्यंत थांबायचं. मेरीलँडचे शास्त्रज्ञ 1950 च्या दशकापासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या जागी ओढजाळं लावून त्या वर्षीची पिल्लं मोजतात. एका ओढीत सरासरी किती सापडली, हा त्यांचा निर्देशांक. तो तीन वर्षांच्या सरासरीने 8 वर गेला की बंदी उठवायची, असं ठरलं होतं. 1989 मध्ये निर्देशांक 25 वर पोचला आणि 1990 मध्ये मासेमारी पुन्हा सुरू झाली. 1995 मध्ये हा मासा सावरल्याचं जाहीर झालं. 1996 मध्ये निर्देशांक 59 होता. एवढी पिल्लं त्याआधी कधी मोजली गेली नव्हती. आज किनाऱ्यावर जे लोक जुने दिवस आठवून हळहळतात, ते दिवस पाच वर्षांच्या संपूर्ण बंदीने दिलेले होते. त्या आठवणीचा आधार घेऊन नियमांच्या विरोधात बोलणं मला पटत नाही.

पुढची गोष्टही तितकीच शिकवणारी आहे. 2000 नंतर अंडी घालणाऱ्या माद्यांचं एकूण वजन उतरणीला लागलं. उतार दिसत होता, पण किनाऱ्यावरच्या बहुतेक राज्यांत दिवसाला दोन मासे नेण्याची मुभा 2014 पर्यंत तशीच राहिली. 2015 मध्ये ती एकावर आली. 2019 मध्ये आयोगाने हा मासा पुन्हा धोक्याच्या रेषेखाली गेल्याचं मान्य केलं. 2020 पासून 28 ते 35 इंचांच्या मधलाच मासा ठेवायचा, मोठ्या माद्या सोडायच्या, असा नियम आला. मग 2022 मध्ये 2015 साली जन्मलेली मोठी पिढी नेमकी या पट्ट्यात आली आणि हौशी मंडळींनी घरी नेलेल्या माशांची संख्या आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट झाली. म्हणून मे 2023 मध्ये तातडीने वरची मर्यादा 31 इंचांवर आणली गेली. आज मोजपट्टीवर 28 ते 31 अशी तीन इंचांची जागा उरली आहे, आणि तिच्यावरून किनाऱ्यावर सर्वांत जास्त संताप आहे. संताप मला समजतो. सहा तास उभं राहून एक मासा लागावा, तो पट्टीवर ठेवावा आणि शेपटी अर्ध्या इंचाने पुढे जावी, तेव्हा चिडचिड होणारच. पण ही तीन इंचांची चिंचोळी जागा आली कुठून? 2005 नंतर दर वर्षी थोडं थोडं आवरलं असतं, तर 2023 मध्ये एवढं करकचून आवळावं लागलं नसतं. प्रत्येक सुनावणीला 'यंदा नको, पुढच्या वर्षी पाहू' असं म्हणत जी सैल वर्षं मिळवली, त्यांचीच ही किंमत आहे. आणि आता पुन्हा तेच औषध मागितलं जातं.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला असा, की मासा संपवला तो जाळ्यांनी, गळाच्या एका हौशी माणसाने काय बिघडवलं? स्ट्राइप्ड बासच्या बाबतीत हे टिकत नाही. अलीकडच्या वर्षांत माणसाच्या हातून मरणाऱ्या या माशांपैकी सुमारे 90 टक्के हौशी गळाला लागलेले आहेत. त्यांतले जवळपास निम्मे तर घरीही नेलेले नसतात. सोडून दिल्यावर मरतात. पाण्यात परत सोडलेल्या शंभरांपैकी नऊ मरतात असं शास्त्रज्ञ धरतात. नऊ ही संख्या लहान वाटते, पण वर्षाला कोट्यवधी मासे धरून सोडले जातात. म्हणूनच 2021 पासून आमिष लावून गरवताना गोल वळणाचा गळ सक्तीचा झाला. साधा जे-आकाराचा गळ मासा आमिषासकट गिळतो आणि तो काढताना आतडी फाटतात. गोल गळाचं टोक आत वळलेलं असल्याने तो घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. काही पैशांच्या या बदलाने मासा वाचतो आणि माणसाचा आनंद कणभरही कमी होत नाही. कडक नियम म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे फक्त बंदी येते, त्यांनी हा नियम नीट पाहावा.

दुसरा आक्षेप मोठ्या कंपन्यांचा. चेसापीकमध्ये मेनहेडन नावाचा लहान तेलकट मासा तेल आणि भुकटीसाठी हजारो टनांनी काढला जातो, आणि स्ट्राइप्ड बासचं तेच महत्त्वाचं खाद्य. उपसागरातून वर्षाला 51 हजार टन मेनहेडन काढायला परवानगी असताना माझ्या एका माशावर डोळा का, हा प्रश्न न्याय्य आहे. ही मर्यादा आणखी खाली यावी असं माझंही मत आहे. पण या मागणीचा अर्थ काय होतो? कंपनीवर नियम कडक करा, असाच ना? मग नियमच वाईट, ही भाषा सोडायला हवी. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पिल्लंच होत नाहीत, असं तो म्हणतो. उबदार हिवाळे, वसंतात नद्यांना कमी पाणी, यामुळे अंड्यांतून मासे वाढत नाहीत. मग गळ टाकणाऱ्याला शिक्षा कशाला? वस्तुस्थिती तशीच आहे. मेरीलँडचा निर्देशांक दीर्घकालीन सरासरीने 11 च्या आसपास असतो. 2023 मध्ये तो 1 होता आणि 2024 मध्ये 2. 2019 पासून एकही वर्ष सरासरीला पोचलेलं नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांच्या नेमका विरुद्ध जातो. नवे मासे येत नसतील, तर आहेत त्या माद्या जपण्याखेरीज गत्यंतर काय? मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते आणि वर्षानुवर्षं घालत राहते. दहा वाईट वसंतांनंतर एक चांगला वसंत येईल, तेव्हा ती नदीत असायला हवी. हवामान आपल्या हातात नाही म्हणून जे हातात आहे तेही सोडून द्या, हा युक्तिवाद दुष्काळात बियाणं खाऊन टाकण्यासारखा आहे.

रेड स्नॅपरच्या बाबतीत मात्र तक्रारदारांची बाजू अधिक भक्कम आहे, आणि ती नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. आपल्याकडच्या तांबोशीच्या कुळातला हा मासा. 2017 मध्ये आखातातल्या खासगी बोटींना केंद्राच्या हद्दीत त्याच्यासाठी फक्त तीन दिवस मिळाले. तीन दिवसांत वादळ आलं तर वर्ष गेलं, आणि वादळ आलं नाही तर माणूस नको त्या हवेतही बोट काढणार. अशा नियमाचं समर्थन होऊ शकत नाही. त्या उन्हाळ्यात ओरड एवढी झाली, की केंद्राच्या वाणिज्य खात्याने आणखी 39 दिवस जोडून दिले. 2021 मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या मोजणीत आखातात सुमारे 11 कोटी स्नॅपर असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे आधीच्या अंदाजाच्या जवळपास तिप्पट. पाहा, सरकारला मोजताच येत नाही, असा गजर तेव्हा झाला. पण ते तीन दिवस कसे आले, हे सांगितलं जात नाही. कोटा तर त्या वर्षांत वाढत होता. मासा सावरत होता, मोठा आणि जड होत होता, म्हणून कोटा लवकर भरत होता. आणि राज्यांनी आपापल्या हद्दीत लांबलचक हंगाम उघडे ठेवले होते. टेक्सासने तर नऊ सागरी मैलांपर्यंतचं पाणी वर्षभर खुलं ठेवलं. किनाऱ्याजवळ धरलेला प्रत्येक मासा त्याच कोट्यातून वजा होत गेला आणि केंद्राच्या वाट्याला उरले तीन दिवस. म्हणजे त्या बदनाम हंगामाचं एक कारण राज्यांच्या पाण्यातला सैलपणाच होता. तोड निघाली ती मर्यादा मोडून नव्हे. 2018 पासून प्रायोगिक आणि 2020 पासून कायम स्वरूपात राज्यांकडे आपापला कोटा देण्यात आला, त्यांनी आपली मोजणी सुधारली आणि कोटा भरत आला की हंगाम बंद करण्याची जबाबदारी घेतली. 2025 मध्ये फ्लोरिडाने आखातात 126 दिवस दिले. मर्यादा उठली नाही, हिशोब सुधारला.

अटलांटिकच्या दक्षिण भागात 2025 पर्यंत हा हिशोब सुधारलेला नव्हता. तिथे 2024 मध्ये रेड स्नॅपरचा हंगाम एका दिवसाचा होता आणि 2025 मध्ये दोन दिवसांचा. तिथला खरा घोटाळा सोडलेल्या माशांचा आहे. शंभर फुटांहून खोल पाण्यातून मासा वर ओढला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, जठर तोंडातून बाहेर डोकावतं. वरून सोडला तर तो पालथा तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या तोंडी जातो. हंगाम बंद असतानाही त्याच खडकांवर दुसऱ्या माशांसाठी गळ पडतच असतात, आणि स्नॅपर लागतच असतो. त्यामुळे एक दिवसाचा हंगाम ठेवून माशाला विशेष काही मिळत नाही, माणसाला तर काहीच मिळत नाही. हा नियम मला चुकीचा वाटतो. पण त्याची दुरुस्ती म्हणजे वजन बांधून माशाला पुन्हा खोलवर नेऊन सोडणारं साधन प्रत्येक बोटीवर असणं आणि वापरलं जाणं. आखातासाठी 2022 मध्ये कायद्याने ते किंवा हवा सोडायची सुई जवळ ठेवणं बंधनकारक झालं. वाईट नियमाला चांगल्या नियमाने उत्तर द्यावं लागतं. एक नियम मूर्खपणाचा निघाला म्हणून सगळेच झुगारायचे, हे फक्त ज्याच्याकडे मोठी बोट आणि भरलेली टाकी आहे त्याच्याच फायद्याचं आहे; मर्यादा नसेल तर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त तोच धरणार.

आता ज्या गोड्या पाण्याला मोकळं रान समजलं जातं, त्याकडे वळू. तिथे मासा आहे तो आपोआप आहे, असं कित्येकांना वाटतं. अमेरिकेतल्या असंख्य ओढ्यांत दर वसंतात ट्राउट येतात ते सरकारी पैदास केंद्रातून टँकरने आणून सोडलेले. ग्रेट लेक्समध्ये सी लँप्री नावाच्या रक्तपिपासू माशाने 1940-50 च्या दशकांत लेक ट्राउटचा फडशा पाडला. आज तिथे जे काही आहे ते त्या लँप्रीवर दर वर्षी खर्च करून, आणि मिशिगनने 1966 मध्ये प्रशांत महासागराकडचा कोहो सॅमन आणून सोडल्यामुळे आहे. खुद्द स्ट्राइप्ड बासही गोड्या पाण्यात मिळतो. साउथ कॅरोलायनातल्या सँटी-कूपर धरणांमागे 1940 च्या दशकात हा मासा अडकला आणि तिथेच वाढला, हे लक्षात आल्यावर तो अनेक राज्यांतल्या जलाशयांत मुद्दाम सोडला गेला. बहुतेक ठिकाणी दर वर्षी पिल्लं सोडल्याशिवाय टिकत नाही. म्हणजे समुद्रावरच्या नियमांना कंटाळून तळ्यावर गेलेला माणूस नियमांपासून सुटत नाही. तो जास्त देखरेखीच्या, जास्त सरकारी खर्चाच्या पाण्यात जातो, फक्त तो खर्च त्याला दिसत नाही. आणि त्या पाण्यालाही सीमा आहे. फ्लोरिडाच्या ओकीचोबी तलावावर 2016 आणि 2018 मध्ये हिरवी विषारी साय पसरली होती. पश्चिमेच्या कित्येक जलाशयांवर झेब्रा शिंपल्यांच्या भीतीने बोट धुऊन, तपासून घेतल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. लाखो माणसं आणखी तिकडे वळली, तर तिथलेही नियम आवळणार, आणि आवळायलाच हवेत.

हा वाद मराठी वाचकाला परका वाटायचं कारण नाही. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या घरापासून तासाभरावर हाच किनारा आहे, हाच मासा आहे. आणि कोकणात पावसाळ्यातली 61 दिवसांची बंदी किंवा 2023 मध्ये राज्याने 54 जातींसाठी ठरवलेले किमान आकार यांवरून होणारी चर्चा याच वळणाची असते. फरक एवढाच आणि तो मोठा, की कोकणातल्या मच्छीमाराचं पोट त्यावर अवलंबून आहे. त्याच्या नियमांसोबत भरपाईही यायला हवी. बोटभर पापलेटं टोपलीत पाहून ज्याला वाईट वाटतं, त्याला तीन इंचांच्या पट्टीमागचं गणित समजावून सांगावं लागत नाही.

राहतो प्रश्न खर्चाचा. महागाईवर कुणाचा ताबा नाही, हे तक्रारदारांचं पहिलं गृहीतकही मला अर्धंच मान्य आहे. पेट्रोलच्या दरावर नसेल, पण समुद्र म्हणजे फक्त तीस मैल आतलं पाणी नव्हे. स्ट्राइप्ड बास लाटांच्या फेसातही येतो. तो धरायला एक दांडी, एक रीळ आणि उभं राहायला जागा पुरते. ती जागाच नाहीशी होत चालली आहे. किनाऱ्याकडे जाणारी वाट दोन बंगल्यांच्या कुंपणांत हरवते, गाडी उभी करायला फक्त गावच्या रहिवाशांना परवानगी असते, पहाटे चारला फाटक बंद असतं. कायदा इथे सामान्य माणसाच्या बाजूने आहे आणि जुना आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये भरती-ओहोटीच्या मधला पट्टा खासगी मालकीचा असू शकतो, पण सतराव्या शतकातल्या वसाहतकालीन आदेशाने त्यावर चालत जाऊन मासे धरण्याचा हक्क सर्वांना राखून ठेवला आहे. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये भरतीरेषेवरच्या कोरड्या वाळूवरही जनतेचा वावर मान्य केला. ऱ्होड आयलंडने 2023 मध्ये भरतीच्या खुणेपासून दहा फूट आतपर्यंतचा हक्क कायद्यात लिहिला. हक्क आहेत, पण पार्किंग नाही, आणि पार्किंगविना हा हक्क फक्त शेजारच्या बंगलेवाल्यापुरता उरतो.

यासाठी पैसाही आहे. 1950 च्या कायद्याने दांड्या, रिळं यांवरचा कर माशांसाठी राखून ठेवला आणि 1984 मध्ये बोटींच्या इंधनावरचा करही त्यात आला. तो पैसा मासे आणि पाण्यापर्यंतची वाट अशा कामांवरच खर्च करावा लागतो. किनारी राज्यांनी तो खाऱ्या आणि गोड्या पाण्यात तिथल्या हौशी माणसांच्या संख्येच्या प्रमाणात वाटायचा, अशी अट आहे. जो समुद्र सोडतो तो आपल्यामागचा निधीही घेऊन जातो, आणि मागे राहिलेल्याचा धक्का आणखी कुजतो. स्ट्राइप्ड बास 2029 पर्यंत सावरायचा असं आयोगाने स्वतःला बांधून घेतलं आहे. तोवर दर सुनावणीला माणसं येतील आणि 31 चे 33 इंच करा म्हणतील. दोन इंच वाढवून मिळाले, तरी न्यूअर्कहून बसने आलेला माणूस लाटेपर्यंत पोचणार नाही. त्याच माणसांनी त्याच सुनावणीत, आणि आपापल्या नगरपालिकेच्या सभेत, मोडका धक्का दुरुस्त करा, पहाटे फाटक उघडा आणि बाहेरच्यांसाठी वीस गाड्यांची जागा द्या, अशी मागणी केली, तर त्या ठरावावर पहिली सही मी करेन.